वैमानिक आणि स्वयंचालक यंत्र : एका व्यावसायिक मनोवृत्तीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. यंत्राशेजारी बसून काम करणाऱ्या माणसास त्या यंत्राविषयी काय वाटत आले याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. जेथे तो लिहिला गेला तेथे त्यास हातमाग आणि यंत्रमाग यांच्या झगड्याचे रूप देण्याची प्रथा पडून गेली आहे. विमानचालकांच्या बाबतीत हा साचा उपयोगी पडत नाही. विणकऱ्यास यंत्रमागापूर्वीचे जग आठवत होते. वैमानिकाचा व्यवसायच यंत्राच्या पोटी जन्मास आला, आणि यंत्राबाहेर त्याला अस्तित्व नाही. यंत्र हवे की नको हा त्याच्यापुढील प्रश्न कधीच नव्हता. विमानावर अखेरचा शब्द कोणाचा आणि अपघात घडल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हा होता. जुन्या पिढीचे वैमानिक स्वयंचालनाचा तिरस्कार करीत आणि नव्या पिढीचे त्यावर विसंबून राहतात, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो उपलब्ध पुराव्याशी ताडून पाहिला असता फारसा टिकत नाही.

पुराव्याविषयी प्रथम दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वैमानिकांच्या भावना आपल्यापर्यंत पोहोचतात त्या चार वाटांनी: त्यांच्या संघटनांचे ठराव, अभ्यासकांनी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, अमेरिकेत १९७६ पासून गोपनीयतेच्या हमीवर स्वीकारली जाणारी सुरक्षाविषयक निवेदने, आणि अपघातानंतर हाती येणारी कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणे. यांपैकी एकही साधन निर्दोष नाही. संघटनेचा ठराव भावनेपेक्षा वाटाघाटीची गरज अधिक सांगतो. प्रश्नावलीस स्वेच्छेने उत्तर देणारा मनुष्य बहुधा बोलावयास उत्सुक असलेलाच असतो. आणि ध्वनिमुद्रण हे तर आपत्तीच्या क्षणाचे चित्र असते, त्यावरून सामान्य दिवसाचे अनुमान काढणे धोक्याचे. तथापि या चारही साधनांचा सूर जेथे जुळतो तेथे इतिहासकाराने विश्वास ठेवावयास हरकत नाही.

स्वयंचालक यंत्राचा पहिला जाहीर प्रयोग हा एक तमाशाच होता. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बेझों येथे सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन वैमानिकाने आपल्या कर्टिस जलविमानात जायरोस्कोपवर चालणारे स्थिरीकरण यंत्र बसवून दाखविले. परीक्षकांच्या समोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. पुढे त्याचा यांत्रिक एमिल काशँ पंखावर चालत गेला आणि विमान तोल न ढळता उडत राहिले. पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक स्पेरीस मिळाले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या यंत्राचा पुरस्कर्ता स्वतः वैमानिक होता, आणि हात मोकळे होणे ही त्यास आपल्या कौशल्याची हानी वाटली नाही. १९३३ च्या जुलै महिन्यात वायली पोस्ट याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही स्पेरी कंपनीच्या यंत्राच्या साहाय्याने. सात दिवस, अठरा तास आणि एकोणपन्नास मिनिटांच्या त्या प्रवासात यंत्राची अनेक ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. डुलकी लागल्यास जाग यावी म्हणून पोस्टने बोटाला दोरीने पाना बांधून ठेवला होता, असे सांगतात. यंत्रावर विसंबणे आणि त्याच्यावर पहारा ठेवणे या दोन वृत्ती एकाच माणसात एकाच वेळी कशा नांदतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

याच सुमारास, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर आपले पस मॉथ विमान उतरविले. त्या विमानात रेडिओ नव्हता. स्वयंचालक यंत्राची गोष्टच दूर. अशा उड्डाणांतून वैमानिकाची जी प्रतिमा लोकमानसात ठसली, ती एकट्याने आकाशाशी झुंजणाऱ्या वीराची होती. प्रत्यक्षातील व्यवसाय त्या प्रतिमेपासून लवकरच दूर गेला. सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे एक सी-५४ विमान न्यूफाउंडलंडहून निघून, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत यंत्राच्याच हाती राहून, अटलांटिक ओलांडून इंग्लंडात पोहोचले. ब्रिटनमध्ये धुक्यात उतरण्याच्या प्रश्नावर शासकीय संशोधन केंद्राने युद्धाच्या अखेरीपासून काम चालविले होते. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून आलेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ट्रायडंट विमान हीथ्रो येथे यंत्राच्या साहाय्याने टेकले. प्रवाशांसह झालेले असे ते पहिले अवतरण होय. या साऱ्या काळात वैमानिकांकडून संघटित विरोध झाल्याचे दिसत नाही. यंत्र दीर्घ उड्डाणातील कंटाळा कमी करी, धुक्यात मदत करी, आणि न पटल्यास एका बोटाने बंद करता येई. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे, ती गोष्ट संदिग्ध झाल्यानंतर, कळून आले.

विरोधाचा पहिला मोठा प्रसंग उभा राहिला तो यंत्राच्या गुणदोषांवरून नव्हे, तर माणसांच्या संख्येवरून. युद्धोत्तर काळात लांब पल्ल्याच्या विमानात दोन वैमानिक, विमान अभियंता, मार्ग ठरविणारा नॅव्हिगेटर आणि बिनतारी संदेश पाठविणारा अधिकारी अशी पाच माणसे बसत. ध्वनिवाहक रेडिओने शेवटचा गेला; सत्तरच्या दशकात जडत्वाधिष्ठित दिग्दर्शन यंत्रणेने नॅव्हिगेटर गेला. राहता राहिला विमान अभियंता. ऐंशी हजार पौंडांहून जड विमानात त्याची नेमणूक सक्तीची करणारा अमेरिकन नियम साठच्या दशकाच्या मध्यास रद्द झाला, आणि विमानाचे वजन नव्हे तर कामाचा प्रत्यक्ष भार पाहून माणसे ठरवावीत असे तत्त्व आले. अमेरिकेतील वैमानिक संघटनेने ते मनापासून स्वीकारले नाही. तिच्या आग्रहामुळे काही कंपन्यांच्या बोइंग ७३७ मध्ये तिसरा वैमानिक बसविण्यात आला, आणि त्यास करण्याजोगे काम फारच थोडे होते.

१९८१ च्या आरंभी या वादाने संपाच्या धमकीपर्यंत मजल मारली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जॉन मक्लूकस यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचे मंडळ नेमले. त्याच वर्षीच्या जुलैत मंडळाने अहवाल दिला की, डीसी-९-८० तसेच त्या वेळी तयार होत असलेली बोइंग ७५७ आणि ७६७ ही विमाने दोन वैमानिकांनी सुरक्षितपणे चालविता येतील. संघटनेने हा निर्णय मानला. तिसऱ्या आसनासह बांधलेली काही ७६७ विमाने कारखान्यातच दोन माणसांसाठी बदलून घेण्यात आली. ऑस्ट्रेलियातील अॅन्सेट कंपनीने मात्र आपल्या ७६७ मध्ये विमान अभियंता पुढे कित्येक वर्षे ठेवला. हा लढा नोकऱ्यांसाठी होता हे खरे, आणि टीकाकारांनी तसे म्हटलेही. परंतु तो केवळ नोकऱ्यांचा होता असे म्हणणे हे वैमानिकांवर अन्याय करणारे होईल. २९ डिसेंबर १९७२ रोजी फ्लॉरिडाच्या दलदलीत ईस्टर्न कंपनीचे लॉकहीड विमान कोसळून शंभरावर माणसे दगावली, त्या वेळी कॉकपिटमधील सर्वजण चाकांच्या एका दिव्याच्या दुरुस्तीत गुंतले होते आणि ऑटोपायलटने उंची धरून ठेवण्याचे सोडून दिले आहे हे कोणाच्याच लक्षात आले नाही. संघटना म्हणे, पाहणारे डोळे अधिक हवेत. प्रतिपक्ष म्हणे, अधिक डोळे होतेच, तरीही कोणी पाहिले नाही. एकाच अपघाताचा दाखला दोन्ही बाजूंस देता येई, आणि दोघांचेही म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

तिसरा मनुष्य गेला, आणि त्यानंतरच अभ्यासकांनी उरलेल्या दोघांस विचारावयास सुरुवात केली, ही घटनाक्रमातील विसंगती नमूद करण्याजोगी आहे. अर्ल वीनर आणि रेनविक करी यांनी १९८० मध्येच कॉकपिटमधील स्वयंचालनाची आश्वासने आणि अडचणी यांवर एक निबंध लिहून वाट दाखविली होती. पुढे करी याने ७६७ च्या आणि वीनर याने प्रथम एमडी-८० व नंतर ७५७ च्या वैमानिकांचा नासासाठी अभ्यास केला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला वीनरचा अहवाल या विषयातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज मानावा लागेल. ज्यांना या अहवालात बंडाची किंवा भक्तीची भाषा हवी असेल त्यांची निराशाच होते. बहुतेक वैमानिकांना नवे विमान चालविण्याचा अभिमान होता. जुन्या विमानाकडे परत जाण्याची इच्छा क्वचितच कोणी दाखविली. परंतु त्याच माणसांपैकी निम्म्याहून अधिकांनी असेही सांगितले की, यंत्र अजूनही कधी कधी आपणास चकित करते. हे आता काय करीत आहे, असे का केले, आणि पुढे काय करील: या तीन प्रश्नांचा उच्चार नव्या कॉकपिटमध्ये वारंवार ऐकू येतो, असे वीनरने नोंदविले. कामाच्या भाराविषयी मते दुभंगलेली होती, आणि त्याचे कारणही अहवालातून उलगडते. जेथे काम आधीच थोडे होते त्या उंचावरील संथ प्रवासात यंत्राने ते आणखी कमी केले. जेथे ते आधीच फार होते त्या विमानतळाजवळच्या शेवटच्या मिनिटांत मात्र, नियंत्रकाने ऐन वेळी धावपट्टी बदलली की, मान खाली घालून कळफलकावर आकडे भरण्याचे नवे काम वाढले. अशा वेळी पुष्कळ वैमानिक यंत्र बंद करून हाताने विमान चालवीत. आळशी सेवकापेक्षा आडमुठा सेवक अधिक तापदायक असतो, हा घरोघरचा अनुभव येथे शास्त्रीय अहवालात उतरला आहे.

या असंतोषास तात्त्विक धार आली ती एअरबस ए-३२० या विमानामुळे. १९८७ च्या फेब्रुवारीत प्रथम उडालेल्या आणि १९८८ मध्ये सेवेत आलेल्या या विमानात वैमानिकाचा हात आणि पंखावरील पडदे यांच्यामध्ये संगणक उभा होता. ठरलेल्या मर्यादेपलीकडे विमान कलविण्याची आज्ञा वैमानिकाने दिली तरी संगणक ती मानीत नसे. दोघांच्या हातांतील लहान दांडे एकमेकांस जोडलेले नव्हते. एकाने काय केले ते दुसऱ्याच्या हातास कळत नसे. स्वयंचलित अवस्थेत इंजिनाची शक्ती कमीजास्त झाली तरी थ्रॉटल जागचे हलत नसत. बोइंगने याच काळात ते हलते ठेवले, आणि १९९५ मध्ये सेवेत आलेल्या आपल्या ७७७ या विमानातही संगणकाची मर्यादा जोर लावून ओलांडता येईल अशी सोय केली. अभियंत्यांच्या दृष्टीने हे दोन रचनांमधील तारतम्य होते. वैमानिकांच्या दृष्टीने तो अधिकाराचा प्रश्न होता. कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाविषयीचा अंतिम निर्णय मुख्य वैमानिकाचा असतो, आणि ज्याचा निर्णय अंतिम त्याच्याच माथी दोषही येतो. २६ जून १९८८ रोजी फ्रान्समध्ये हाब्सहाइम येथे प्रदर्शनीय उड्डाणात ए-३२० झाडांत शिरले आणि तिघे मृत्यू पावले. मुख्य वैमानिकाने सातत्याने विमानाकडे बोट दाखविले. न्यायालयाने दोष त्याच्यावर ठेवला. वादाचे पुढील कित्येक वर्षांचे स्वरूप त्या एका खटल्यात दिसते.

भारतात हा वाद अतिशय कटू रूपात आला. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए-३२० विमाने ताफ्यात घेतली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले असे एक विमान बंगळूरच्या त्या वेळच्या विमानतळावर उतरत असता धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. आतील १४६ जणांपैकी ९२ दगावले. आकाश स्वच्छ होते. विमानात बिघाड आढळला नाही. चौकशीत जे आढळले ते असे: यंत्रणा ज्या मोडमध्ये होती त्यात इंजिने किमान शक्तीवर राहून विमान केवळ उतरत राहते, वेग राखण्याचे काम इंजिने करीत नाहीत. वेग ठरलेल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली गेला, आणि इंजिने सर्व वेळ निष्क्रिय आहेत हे कॉकपिटमध्ये ध्यानात आले तेव्हा फार थोडे सेकंद उरले होते. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या न्यायालयीन चौकशीने परिस्थितीचे गांभीर्य वेळीच न ओळखल्याचा ठपका वैमानिकांवर ठेवला. शासनाने सर्व ए-३२० विमाने काही काळ जमिनीवर उभी करून ठेवली. चौकशीचा निष्कर्ष तर्कदृष्ट्या चुकीचा नाही. तरी ज्याने आयुष्यभर थ्रॉटलच्या हालचालीवरून इंजिनाची अवस्था ओळखली, त्याच्या तळहाताखालचा थ्रॉटल अचल असताना त्याने पडद्यावरील लहान अक्षरांवरून ती ओळखावी, या अपेक्षेत वैमानिकाच्या सवयींचे ज्ञान कितपत होते, हा प्रश्न त्या निष्कर्षाने मिटत नाही. चार वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, एअर इंडियाने घेतलेले ए-३१० विमानही दोन वैमानिकांचेच होते, आणि तेथे असा क्षोभ उसळला नाही. वैमानिकांस खटकले ते नवेपण नव्हते; यंत्राच्या अंतःस्थितीची खूण हातास आणि कानास मिळेनाशी झाली, हे होते.

पुढील अपघातांनी हेच अधिक स्पष्ट केले. २० जानेवारी १९९२ रोजी स्ट्रासबर्गजवळच्या डोंगरावर एअर इंटरचे ए-३२० आदळून ८७ जण मृत्युमुखी पडले. एकाच खिडकीत एका मोडमध्ये उतरण्याचा कोन आणि दुसऱ्या मोडमध्ये दर मिनिटास उतरावयाचे फूट दिसत, ३.३ अंश हवे असता मिनिटास ३,३०० फूट असा आदेश गेला असावा, ही शक्यता चौकशी मंडळास सर्वाधिक पटली. त्यानंतर त्या खिडकीतील आकड्यांची मांडणी बदलण्यात आली. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे तर वैमानिक विमान खाली नेऊ पाहत होता आणि ऑटोपायलट ते वर नेऊ पाहत होता; त्या ओढाताणीत २६४ प्राण गेले. नादीन सार्टर आणि डेव्हिड वुड्स यांनी याच वर्षांत मोडविषयक गोंधळाचे जे अभ्यास केले, त्यांतून असे निष्पन्न झाले की, हा गोंधळ अडाणी वैमानिकांपुरता मर्यादित नव्हता. अनुभवी माणसांचेही यंत्राविषयीचे ज्ञान जागोजागी तुटलेले होते. १९९६ मध्ये अमेरिकन विमानवाहतूक प्रशासनाच्या एका अभ्यासगटाने हीच गोष्ट अधिकृतपणे मान्य केली. वैमानिकांची कुरकुर शासकीय सत्य होण्यास अशी सुमारे दहा वर्षे लागली.

त्यानंतर चिंतेचा विषय बदलला. लिझॅन बेनब्रिज हिने १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, सोपे काम यंत्राकडे गेल्यावर माणसाकडे उरते ते अत्यंत अवघड काम, आणि तेही सराव नसताना करावयाचे. वीनरच्या काळातील अनेक वैमानिक प्रत्येक फेरीत थोडा वेळ मुद्दाम हाताने विमान चालवीत. सराव जाईल ही भीती त्यांना अभ्यासकांच्या आधीपासून होती. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रशिक्षक वॉरन व्हँडरबर्ग यांनी आपल्या व्याख्यानात पडद्यावरील किरमिजी रेषेमागे जाणाऱ्या वैमानिकांस त्या रेषेची मुले म्हटले, आणि हे नाव व्यवसायात रूढ झाले. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिकमध्ये पडून २२८ जण दगावले. वेगमापक गोठल्याने ऑटोपायलट सुटले आणि ते हाती आलेल्यांस विमान सावरता आले नाही. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन प्रशासनाने कंपन्यांना सूचना दिली की, वैमानिकांस हाताने उड्डाण करण्याची संधी द्यावी. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. स्टीफन कॅस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सोळा वैमानिकांची ७४७-४०० च्या अनुकरणयंत्रात परीक्षा घेतली, तेव्हा हाताचे कौशल्य बरेचसे शाबूत असल्याचे आढळले. झिजले होते ते विमान कोठे आहे, पुढे काय करावयाचे आणि कोणते उपकरण खोटे बोलत आहे हे मनाशी जुळविण्याचे सामर्थ्य. हात विसरत नाही, लक्ष विसरते, हा शोध वैमानिकांच्या स्वतःच्या समजुतीसही काहीसा धक्का देणारा होता.

यंत्राच्या बाजूचा पुरावाही दुर्लक्षून चालणार नाही. १५ जानेवारी २००९ रोजी दोन्ही इंजिने निकामी झालेले ए-३२० कॅप्टन सलनबर्गर यांनी हडसन नदीवर उतरविले आणि १५५ जण वाचले. विल्यम लँगविश या लेखकाने संगणकाच्या संरक्षक मर्यादांना श्रेयाचा मोठा वाटा दिला. स्वतः सलनबर्गर यांना ते पटले नाही. उलटपक्षी, ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासचे ए-३३० ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सदोष माहितीमुळे संगणकाने दोनदा एकाएकी खाली झुकविले, शंभरावर लोक जखमी झाले, आणि वैमानिकांनी ते सुखरूप उतरविले. अशी उदाहरणे दोन्ही पारड्यांत टाकीत गेल्यास ती कधी संपणार नाहीत.

बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांनी, २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जावा समुद्रात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७ जीव घेऊन, या मनोवृत्तीत एक नवा भाव आणला. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा त्यात होती, आणि ती आहे हे वैमानिकांच्या पुस्तिकेत सांगितलेलेच नव्हते. पहिल्या अपघातानंतर अमेरिकन वैमानिकांच्या प्रतिनिधींनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला तो याच मुद्द्यावर. यंत्र न समजणे ही त्यांची जुनी तक्रार होती; यंत्र असल्याचेच न कळविणे ही नवी. जी कंपनी वैमानिकाच्या हाती अखेरची सत्ता ठेवण्यासाठी ओळखली जात असे, तिच्याच विमानात हे घडावे, याने क्षोभ अधिक वाढला.

सांप्रत वादाचे केंद्र पुन्हा माणसांच्या संख्येवर आले आहे. दीर्घ प्रवासात एक वैमानिक विश्रांती घेत असता दुसऱ्याने एकट्याने कॉकपिट सांभाळावे अशी योजना विमान कारखान्यांनी मांडली, आणि युरोप, अमेरिका व आंतरराष्ट्रीय पातळीवरील वैमानिक संघटनांनी २०२३ मध्ये तिच्याविरुद्ध संयुक्त मोहीम उघडली. १९८१ मध्ये तिसऱ्या आसनासाठी हरलेली अमेरिकन संघटना या वेळी दुसऱ्या आसनासाठी उभी आहे. परंतु तिची भाषा आता कामाच्या भाराची राहिलेली नाही. एकटा मनुष्य झोपी गेला, आजारी पडला, किंवा यंत्राने त्यास फसविले, तर ते ओळखणारा कोण, असे ती विचारते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या अभ्यासात, सध्याच्या विमानरचनेत ही पद्धत दोन वैमानिकांइतकीच सुरक्षित असल्याचे दाखविता येत नाही असा अभिप्राय देण्यात आला, आणि प्रश्न पुढील पिढीच्या कॉकपिटवर सोपविण्यात आला.